चिठ्ठी मिळाली, पुढे काय?

दीड वर्षाच्या लसीसाठी तुम्ही बाळाला घेऊन दवाखान्यात गेला आहात. डॉक्टर त्याला नावाने हाक मारतात. तो वळत नाही. पुन्हा हाक, पुन्हा तेच. "काही हवं असलं की बोट दाखवतो का? टाटा करतो का?" डॉक्टर विचारतात. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघता. शेवटी डॉक्टर पॅडवर दोन ओळी लिहितात, "एकदा विकासाची तपासणी करून घ्या" म्हणतात आणि पुढच्या बाळाला आत बोलावतात.

ती चिठ्ठी लसीकरणाच्या फाइलमध्ये जाते. रात्री सांगलीला व्हिडिओ कॉल लागतो. आजी ऐकून घेतात आणि म्हणतात, "अरे, तुझा धाकटा काका चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. आता कोर्टात त्याला गप्प करावं लागतं!" सगळे हसतात आणि हसल्यामुळे जरा बरं वाटतं. मग ऑफिसात घाईचे दिवस येतात, दिवाळीला गावी जाणं होतं, परत आल्यावर सर्दी-ताप. प्लेस्कूलच्या टीचर तोच प्रश्न पुन्हा विचारतात, तेव्हा मूल अडीच वर्षांचं झालेलं असतं आणि चिठ्ठी अजून फाइलमध्येच असते.

हे कोणा एका घराचं चित्र नाही, पण बेंगळुरूत लहान मुलं असलेल्या मराठी मंडळींना ते ओळखीचं वाटेल. मदत करणारी ठिकाणं या शहरात आहेत. होसूर रोडवर निम्हान्स आणि इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था आहे. सेंट जॉन्स रुग्णालयात अपंगत्व असलेल्या मुलांसाठी 'युनिट ऑफ होप' आहे. इंदिरानगरात स्पास्टिक्स सोसायटी ऑफ कर्नाटक आहे, बोलणं आणि ऐकणं यासाठी डॉ. एस. आर. चंद्रशेखर संस्था आहे. शिवाय गल्लोगल्ली निघालेली खासगी थेरपी सेंटर्स आहेतच. अडतं ते डॉक्टरांचं टेबल आणि केंद्राचं दार यांच्या मधल्या वाटेवर. ही वाट घरच्यांनी एकट्याने काढायची, असं आपण गृहीत धरलं आहे. माझ्या मते चूक तिथेच आहे. चिठ्ठी लिहिणारा, ती घेणारं केंद्र आणि ती नेणारं घर या तिघांनीही ती वाट धरली तरच मूल वेळेत पोहोचतं.

चिठ्ठी म्हणजे निकाल नव्हे

आधी एक भीती बाजूला ठेवू. डॉक्टरांनी पुढे पाठवलं म्हणजे मुलाला काहीतरी 'आहे' असं ठरलं, असं नाही. दवाखान्यात होते ती चाळणी. पाच-दहा मिनिटांत, ठरावीक प्रश्नांवरून, कोणाकडे नीट बघायला हवं एवढंच ती सांगते. आपल्याकडे त्यासाठी तिरुवनंतपुरमच्या चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरने केलेला तक्ता वापरतात, स्वमग्नतेच्या शंकेसाठी सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांकरता एम-चॅट नावाची प्रश्नावली वापरतात. चाळणीत अडकलेली काही मुलं पुढच्या तपासणीत अगदी व्यवस्थित निघतात.

खरी तपासणी वेगळी असते आणि तिला वेळ लागतो. भारतीय बाळांसाठी यातलं एक जुनं, नावाजलेलं मोजमाप डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात तयार केलं. डॅसी या नावाने ते ओळखलं जातं आणि त्याची पुस्तिका पुण्यातून छापली गेली. परदेशी बाळाच्या मापाने आपलं बाळ मोजू नये, हा साधा विचार त्यामागे होता. ठोकळे, खुळखुळा, कप, बाहुली असं साहित्य असतं. बाळ त्याच्याशी काय करतं, ते तपासणारी व्यक्ती जमिनीवर बसून बघत असते. घरच्यांना वाटतं, नुसतं खेळवलं आणि पैसे घेतले. तर तसं नसतं.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की नऊ ते बारा महिने, अठरा ते चोवीस महिने आणि शाळेत जाण्याआधी अशी तीनदा प्रत्येक मुलाची चाळणी व्हावी, शंका असो वा नसो. तुमच्या डॉक्टरांनी केली नसेल तर तुम्ही विचारा. त्यात संकोच कसला?

पहिला फोन

आता केंद्राकडे वळू. चिठ्ठीवरचा नंबर तुम्ही फिरवला. पलीकडून कोणीतरी म्हणालं, "तीन महिन्यांनी या," आणि फोन ठेवला. झालं ते एवढंच. पण या एका फोनवर बरंच काही ठरतं. म्हणून चांगली केंद्रं तो फोन घेणाऱ्या माणसाची निवड फार विचारपूर्वक करतात. तिथे बहुधा समाजसेविका किंवा अनुभवी शिक्षिका बसते, आणि तिच्यासमोर एक वही किंवा संगणकावर एक तक्ता असतो. कोण आलं, कोणी पाठवलं, कधी परत फोन केला, पुढे काय झालं. या तक्त्यातली शेवटची रकानी रिकामी राहू न देणं, हेच तिचं खरं काम.

ती काय विचारते, ते ऐकण्यासारखं असतं. पहिला प्रश्न निदानाचा नसतो. "तुम्हाला स्वतःला काय खटकतंय?" असा असतो. आईने "तो माझ्याकडे बघतच नाही हो" म्हटलं, तर ती तेच शब्द लिहून घेते, त्याचं इंग्रजी करत बसत नाही. मग बाळ किती आठवड्यांचं जन्मलं ते विचारते. हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बत्तीस आठवड्यांत जन्मलेलं बाळ आठ आठवडे आधी आलेलं असतं, म्हणून सहा महिन्यांचं झालं तरी विकासाच्या हिशोबात त्याला चार महिन्यांचं धरतात. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत हा हिशोब चालतो. तो न केल्यामुळे कित्येक घरं उगाच घाबरतात.

पुढचे प्रश्न वरवर चौकशीचे वाटतात. दिवसभर बाळ कोणाजवळ असतं? तुम्ही राहता कुठे, इथपर्यंत कसे याल? कोणत्या वारी रजा मिळते? व्हाइटफील्डहून इंदिरानगरला आठवड्यातून तीनदा थेरपीला या, असं सांगणं सोपं आहे. बेंगळुरूच्या रहदारीत दीड तास कारसीटमध्ये रडून आलेलं मूल त्या पाऊण तासात काय शिकणार? अशा वेळी समजूतदार केंद्र घराजवळचं दुसरं ठिकाण सुचवतं. नुसतं नाव सांगून सोडत नाही, स्वतः तिथे फोन करून ठेवतं. "आमच्याकडे जागा नाही" या वाक्यानंतर लगेच "पण" आला पाहिजे.

आणि हेच प्रश्न तुमच्याकडे काम करणाऱ्या ताईंच्या बाबतीत विचारून बघा. कलबुर्गी किंवा रायचूरकडून बांधकामावर आलेल्या कुटुंबाला केंद्राची एक फेरी म्हणजे दोघांपैकी एकाचा दिवसाचा रोज बुडणं. ती आई दुसऱ्यांदा आली नाही, तर नोंदीत 'पालक उदासीन' असा शेरा पडतो. मला हा शेरा वाचला की राग येतो. उदासीन कोण? तिला सकाळी नऊची वेळ देणारे की ती? एकाच फेरीत दोन-तीन तपासण्या उरकल्या, रविवारची वेळ दिली, न आल्यास दुसऱ्या दिवशी फोन केला, तर गळती कमी होते. यात फारसा पैसाही लागत नाही.

फोनवर आणखी एक गोष्ट ओळखावी लागते, ती म्हणजे काय थांबू शकत नाही. बाळाला झटके येत आहेत, आधी येणारे शब्द किंवा हालचाली गेल्या आहेत, दूध गिळताना गुदमरतं आहे, वजन वाढत नाही. अशा मुलाला प्रतीक्षायादीत नाव घालून ठेवायचं नसतं, त्याच दिवशी रुग्णालयात पाठवायचं असतं. हे तुम्हालाही माहीत असू द्या.

"घरात तीन भाषा आहेत ना, म्हणून"

बेंगळुरूच्या मराठी घरांत चिठ्ठी अडकून राहण्याचं एक खास कारण आहे. घरात मराठी, सोसायटीत हिंदी, सांभाळणाऱ्या अक्कांची कन्नड आणि प्लेस्कूलमध्ये इंग्रजी. मूल बोलत नाही म्हटलं की शेजारीपाजारी सांगतात, "गोंधळलंय बिचारं. एकच भाषा ठेवा." मग घरातली पहिली भाषा जाते ती मराठी. आई-बाबा मोडक्यातोडक्या इंग्रजीत "बेबी, कम, ईट" सुरू करतात, आणि आजीशी बोलायला मुलाकडे शब्दच उरत नाहीत.

अनेक भाषा कानावर पडल्यामुळे मुलाला बोलण्याची अडचण येत नाही, हे वाचा-भाषातज्ज्ञ कितीतरी वर्षं सांगत आहेत. स्वमग्न मुलांच्या बाबतीतही घरची भाषा तोडण्याचा फायदा दिसलेला नाही. हिशोब मात्र नीट करायला हवा. मूल दुधाला घरी 'दुदू' आणि अक्कांपाशी 'हालु' म्हणत असेल, तर ते दोन्ही त्याचेच शब्द. सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजायचे. तसे मोजूनही दोन वर्षांच्या मुलाकडे मोजकेच शब्द असतील, दोन शब्द जोडता येत नसतील, तर भाषांना दोष न देता तपासणीला जायचं. आणि शब्दांहून आधी बघायच्या गोष्टी तर कुठल्याच भाषेतल्या नसतात. बोट दाखवणं, तुम्ही दाखवलं तिकडे बघणं, काही आवडलं की तुमच्याकडे वळून हसणं.

केंद्राने पहिल्याच फोनवर घरची भाषा विचारली पाहिजे, आणि नाही विचारली तर तुम्ही सांगा. बेंगळुरूत मराठी बोलणारी थेरपिस्ट मिळणं अवघड, हे खरं. पण लहान मुलांची थेरपी बरीचशी आई-वडिलांना शिकवूनच होते. थेरपिस्ट हिंदीत समजावेल, तुम्ही घरी अंघोळ घालताना, भात कालवताना, चिऊकाऊच्या घासाबरोबर ते मराठीत करा. प्रश्नावली इंग्रजीत असेल तर मागून दुसऱ्या भाषेत वाचून घ्या. अंदाजाने 'येस' वर टिक केली की सगळी तपासणी वाकड्या वाटेने जाते.

कान आणि डोळे यांचं घड्याळ वेगळं

बोलत नाही म्हणून आलेल्या प्रत्येक मुलाचे कान आधी तपासावे लागतात. "अहो, कुकरची शिट्टी झाली की वळतो ना!" असं बहुतेक घरांतून सांगतात. शिट्टी मोठी असते. ती ऐकणाऱ्या मुलाला शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत असेलच असं नाही. नवजात बाळांच्या कानांसाठी जगभर एक साधा आकडा पाळतात, एक-तीन-सहा. एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचाराला सुरुवात. म्हणजे इथे 'थांबून बघू' म्हणायला मुळात वावच नाही.

डोळ्यांचं घड्याळ तर याहून वेगाने धावतं. वेळेआधी, कमी वजनाचं जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या कधी कधी भलत्याच वाढतात. बाहेरून डोळा छान दिसतो. वेळेत लेझर झालं तर नजर वाचते, नाही तर कायमची जाते. म्हणून दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासायचे असतात, फारच इवलं बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांत. आता विचार करा. तालुक्याच्या गावी प्रसूती झालेली, टाके ओले, कापसात गुंडाळल्यासारखं बाळ, आणि हातात चिठ्ठी: 'डोळे तपासण्यासाठी बेंगळुरू.' किती जणी निघतील?

याच प्रश्नावर बेंगळुरूतच एक उत्तर निघालं. नारायण नेत्रालयाने २००८ मध्ये, डॉ. आनंद विनेकर यांच्या पुढाकाराने, किड्रॉप नावाचा उपक्रम सुरू केला. त्यांनी बाळाला शहरात बोलावणं सोडून कॅमेराच गाडीत घातला. प्रशिक्षित तंत्रज्ञ जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या नवजात कक्षांत जातात, बाळाच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो घेतात, आणि तज्ज्ञ दूर बसून ते बघून कळवतात. चिठ्ठीच्या प्रवासात सगळ्यात जास्त माणसं कुठे गळतात ते बघायचं आणि तेवढा प्रवासच काढून टाकायचा, ही त्यातली युक्ती. विकासाच्या तपासणीलाही ती बऱ्याच अंशी लावता येईल, असं मला वाटतं.

सरकारी वाट, आणि पंचेचाळीस दिवस

आयटीतल्या घरांना अंगणवाडी आपल्यासाठी नाही असं वाटतं. पण देशातली सगळ्यात मोठी रेफरलची साखळी तिथूनच सुरू होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमध्ये झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. या कार्यक्रमाची फिरती पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांना एकदा तपासतात. जन्मतः असलेले दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर, अशा बाबी ते बघतात. शंका आली की मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षिका आणि समाजसेवक एका छपराखाली असावेत अशी रचना आहे. सगळी पदं सगळीकडे भरलेली नसतात, हे वेगळं सांगायला नको. तरी सेवा मोफत आहे आणि विचारण्याचा हक्क तुमचाही आहे.

या साखळीत एक कडी मात्र नाही, ती म्हणजे मुदत. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी तिथली पद्धत ऐकली असेल. १९८६ च्या कायद्याने तिथे तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सेवा सुरू झाली. आई-बाबाही स्वतः फोन करून नाव देऊ शकतात, डॉक्टरांची चिठ्ठी लागतेच असं नाही. डॉक्टरांना शंका आली तर सात दिवसांच्या आत कळवावं लागतं. आणि नाव आल्यापासून पंचेचाळीस दिवसांत तपासणी होऊन त्या घरासोबत बसून योजना आखावी लागते. प्रत्येक घराला एक समन्वयक मिळते. तिथेही रांगा लागतात, माणसं कमी पडतात, पण पंचेचाळिसावा दिवस उलटला की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे एकशे पंचेचाळीस दिवस उलटले तरी कोणाच्या लक्षातही येत नाही. एखाद्या केंद्राने स्वतःपुरती तरी ही मुदत भिंतीवर लावायला काय हरकत आहे?

कोणी पाठवलं, आणि का

एक अवघड विषय राहिला. चिठ्ठीमागे पैसा असतो का? कधी कधी असतो. आपण त्याला सरळ 'कट' म्हणतो. रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घेणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने निषिद्ध ठरवलं आहे. महाडचे विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांना एका निदान केंद्राकडून असा १,२०० रुपयांचा धनादेश आला, तेव्हा त्यांनी तो मुकाट्याने वटवला नाही, तक्रार केली. तेव्हा 'त्याच सेंटरला जा' असा आग्रह झाला तर "आणखी दोन नावं देता का?" असं नम्रपणे विचारायला हरकत नाही. प्रामाणिक डॉक्टरांना याचा राग येत नाही.

केंद्रात गेल्यावर विशेष शिक्षिका, वाचातज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. पहिल्याच दिवशी सहा महिन्यांचं पॅकेज आगाऊ मागत असतील तर घरी येऊन विचार करा. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्यांपासून आणि स्वमग्नतेवर स्टेम सेल देणाऱ्यांपासून तर लांबच राहा.

आजींना सोबत न्या

घरातला विरोध बहुतेक वेळा प्रेमातूनच येतो. आजींना वाटतं, नातवावर शिक्का बसेल. त्यांच्याशी वाद घालून काही होत नाही. सांगलीहून आल्या असतील तर त्यांनाच केंद्रात घेऊन जा. नातू ठोकळ्यांवर ठोकळे रचताना किंवा न रचताना त्यांनी स्वतः बघितलं की कोर्टातल्या काकाची गोष्ट मागे पडते. परतताना गाडीत त्या म्हणतात, "अगं, चार वर्षांपर्यंत तो बोलत नव्हता खरं, पण खुणेने सगळं मागायचा हो." मोठ्या तज्ज्ञालाही असा नेमका फरक एका वाक्यात सांगता येणार नाही.

तारीख दीड-दोन महिन्यांनंतरची मिळाली तर फोन ठेवण्याआधी एकच विचारा, "तोपर्यंत घरी काय करू?" चांगलं केंद्र एखादं पान पाठवतं, नाहीतर पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल करतं. कान तपासून घ्या, हे तर नक्की सांगतं. मधल्या काळात मुलाचे दोन-तीन छोटे व्हिडिओ घेऊन ठेवा, जेवतानाचा, खेळतानाचा, हाक मारतानाचा. ते केंद्रात दाखवण्यासाठी. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "कुणाला असा अनुभव आहे का?" म्हणून टाकण्यासाठी नव्हे. ते मूल उद्या त्याच सोसायटीत मोठं होणार आहे.

आणि तपासणी झाली की केंद्राकडून एक पत्र मागून घ्या, पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या नावाने. काय आढळलं, पुढे काय ठरलं, पुन्हा कधी बघायचं, एवढंच त्यात असलं तरी पुरे. ते लसीकरणाच्या त्याच फाइलमध्ये, त्या जुन्या चिठ्ठीच्या मागे लावून ठेवा. पुढच्या लसीला डॉक्टर फाइल उघडतील तेव्हा दोन्ही कागद एकदम हाती लागतील.